रिकामी ओळ

१

आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकाने सांगून दुसऱ्याने परत म्हटल्याशिवाय झाली असं धरत नाहीत. ही रेल्वेची सवय. आमचे हे इंजिन चालवायचे, आधी मालगाडीचं, मग मेल-एक्सप्रेसचं. इंजिनात सहायकाने सिग्नल बघून मोठ्याने सांगायचा, चालकाने तोच मोठ्याने परत म्हणायचा. दोघांनी म्हटला तर तो पाहिला. एकट्याने पाहिलेला सिग्नल, हे म्हणायचे, न पाहिल्यासारखाच.

देवासहून लग्न होऊन मी माधवनगरच्या ह्या घरी आले तेव्हा मला फार हसू यायचं. मी स्वयंपाकघरातून ‘गॅस बंद’ म्हणायचं आणि ह्यांनी बाहेरच्या खोलीतून ‘गॅस बंद’ म्हणायचं. विसरले की आवाज यायचा, ‘वासंती, सिग्नल!’ पुढे रुचिर झाला, तोही बोलायला लागल्यापासून हेच शिकला. शाळेला निघताना ‘डबा घेतला’ ओरडायचा आणि कोणी परत म्हणेपर्यंत उंबऱ्यात उभा राहायचा.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळतं सगळं. आता मी ‘गॅस बंद’ म्हणते आणि बाहेरून काठीचा ठोका येतो. टक. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे नाही.

रुचिर बंगलोरला असतो. त्यानेच, मागे आला होता तेव्हा, आपला जुना कंप्युटर बाहेरच्या खोलीत मांडून त्यावर आगगाडी चालवायचा खेळ घालून दिला. विंडोज त्या म्हाताऱ्या मशीनला झेपेना, म्हणून लिनक्स टाकलं. खेळ त्यावर चालला. पण खेळाबरोबर आणखी एक प्रोग्रॅम लागतो, कॅबमेट नावाचा. त्यात दुसऱ्या गावी बसलेला माणूस तुमच्या इंजिनात सहायक होऊन येतो. सिग्नल फक्त त्याला दिसतात. त्याने सांगायचे, चालकाने ऐकून गाडी हाकायची. हा कॅबमेट फक्त विंडोजसाठी बनवलेला. लिनक्सवर चालवायचा तर मध्ये दुभाषी लागतो, त्याचं नाव वाइन. ते ऐकून हे डाव्या बाजूने हसले होते.

दर रविवारी संध्याकाळी बापलेक गाडी काढायचे. रुचिर तिकडून म्हणायचा, “होम सिग्नल हिरवा,” आणि हे काठी ठोकायचे. फोनवर त्यांचं काय बोलणं होणार? एक ठोका, दोन ठोके, मग दोघंही गप्प. पण गाडीत बसले की तासभर निघायचा. त्या तासासाठी हे सकाळपासून दाढी करून बसायचे.

इंदूरला विमान येतं. तिथून टॅक्सीने दीड तासात घर. हे मी रुचिरला कधी बोलून दाखवत नाही. माझ्या नणंदबाई, सुलू वन्सं, दाखवतात.

२

आषाढातल्या एका रविवारी कॅबमेट उघडेना.

“काय दिसतंय, आई?” रुचिरने फोनवर विचारलं.

“पांढरं.”

“पांढरं म्हणजे?”

“पांढरं म्हणजे पांढरं. वाळत घातलेल्या चादरीसारखं. वर नाव आहे, खाली काही नाही.”

“एरर काही?”

“असती तर वाचली नसती का?”

त्याने उसासा टाकला. “अपडेट झालंय त्याचं. विंडोजवाल्यांना काही होत नाही, लिनक्सवर रडतं. जाऊ दे आज. पुढच्या रविवारी बघू.”

“पुढच्या रविवारी तुला वेळ आहे?”

“बघू म्हणालो ना.”

हे खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, डावा हात कीबोर्डवर, डोळे त्या पांढऱ्या चौकोनावर. मी म्हटलं, “नाही. आत्ताच. तू सांगत जा, मी करते.”

मग त्याने मला ती काळी खिडकी उघडायला लावली, जिथे नुसतं लिहायचं असतं. मी बारावी शिकलेली. पण अक्षरं बघून लिहायला काय लागतं? तो एकेक अक्षर सांगायचा, मी ते परत म्हणायची आणि मग बटण दाबायची.

“दोन डॅश.”

“दोन डॅश.”

“अगदी बाबांसारखी करतेस,” तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

वाइनचं जुनं सगळं पुसून नवीन बसवलं. ग्राफिक्स कार्डाला हात लावू नको असं कॅबमेटला बजावलं. तेव्हा कुठे ते उघडलं. पण आधीच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. माइक कुठला ते पुन्हा निवडायचं होतं.

यादीत पहिल्या ओळीत आमच्या माइकचं नाव होतं. ते निवडलं, तर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या हलेनात. दुसरी ओळ निवडली, तर गाडीचाच भोंगा उलटून रुचिरच्या कानात जायला लागला.

“तिसरं काय आहे?”

“तिसऱ्या ओळीत काही लिहिलेलंच नाही. नुसती रिकामी ओळ आहे.”

“नाव वाचता आलं नसेल त्याला. होतं असं. टाक तीच.”

मी ती रिकामी ओळ दाबली. पट्ट्या भराभर वर चढल्या, खोलीत कोणी बोलत नसताना. मग ह्यांनी काठी ठोकली.

“आलं, आलं! चला बाबा, उशीर झालाय गाडीला.”

ह्यांचे डोळे भरून आले. लकव्यानंतर त्यांना पटकन रडू येतं. मी पदराने पुसले.

३

त्या दिवशी गाडी नागद्यापर्यंत गेली, म्हणजे खेळातल्या नागद्यापर्यंत. संपल्यावर रुचिरने मला फोन केला.

“बाबा आज फॉर्मात होते. मी सिग्नल सांगायच्या आधीच ठोका देतात! लाल म्हणायला तोंड उघडलं की टक.”

“जुने आहेत ते. कळत असेल.”

“अगं, पण त्यांच्या स्क्रीनवर सिग्नल नसतोच.” तो हसला. “आणि आज तू कुठे होतीस? बाजारात?”

“इथेच तर होते. तीनदा तुझ्याशी बोलले. पाऊस आहे का तिकडे म्हणून विचारलं.”

“मला काहीच नाही आलं. अच्छा, ते नवीन फिल्टर असेल. आजूबाजूचा आवाज गाळून टाकतं. पंखा, मिक्सर, असलं सगळं.”

“मी मिक्सर आहे होय?”

“अगं, त्याला काय कळतंय, आई.”

मी हसले. पण फोन ठेवल्यावर ते मनात राहिलं. इतकी वर्षं ह्या घरात माझं बोलणं चाललेलं असतं, आणि एका प्रोग्रॅमने एका संध्याकाळीत ओळखलं की ह्यातलं काढून टाकायचं काय ते.

४

ते फिल्टर कुठे बंद होतं ते बघायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी कंप्युटर लावला. हे आत झोपले होते. कुकरमध्ये संध्याकाळसाठी हरभरे चढवले होते.

कॅबमेटमध्ये ‘माइक तपासा’ असं एक बटण आहे. ते दाबलं की आपल्या माइकमध्ये जे जातं ते आपल्यालाच हेडफोनात ऐकू येतं. मी हेडफोन घातला आणि ‘हॅलो’ म्हटलं. ‘हॅलो’ ऐकू आलं नाही. पण खोली ऐकू येत होती. पंखा. घड्याळ. बाहेर कुठल्यातरी रिक्षाचा आवाज. स्वच्छ, जवळ, जणू कोणी ती खोली उचलून माझ्या कानाला लावली होती.

मग कुकरची शिट्टी झाली. मी हेडफोन काढून उठले, दारापर्यंत गेले, आणि तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

मला वाटलं, दुसरी झाली. पण हरभऱ्यांना मी आच मंद ठेवते, दोन शिट्ट्या अशा लागोपाठ होत नाहीत. मी परत येऊन बसले. कानात पुन्हा शिट्टी. एका बाजूचा हेडफोन वर करून त्या मोकळ्या कानाने ऐकत राहिले. खोलीत शांतता होती. मी श्वास घेतला, सोडला. मग स्वयंपाकघरातून शिट्टी आली.

रुचिरला विचारलं. तो कामात होता. “इको आहे गं. लॅग.”

“लॅग म्हणजे मागे राहणं ना?”

“हो.”

“हे मागे नाही रे. पुढे आहे.”

“आई,” तो म्हणाला, “पुढे कसं असेल? तू गोंधळली आहेस. तो माइक आहे, ज्योतिषी नाही.”

खरंच, पुढे कसं असेल? मी आच बंद केली. ‘गॅस बंद’ म्हटलं. ह्यांची झोप चाळवली असावी, आतून एक हलका ठोका आला.

५

पुढच्या रविवारी सगळं बिघडलं. रुचिर सिग्नल सांगे, ठोका येईना. आणि तो गप्प असला की मध्येच ठोके पडायचे. मी ह्यांच्या शेजारीच बसले होते. हे प्रत्येक सिग्नलला नीट, वेळेवर ठोकत होते. घामाघूम झाले होते. तिकडे भलतंच पोचत होतं.

“बाबा, पिवळा म्हणालो मी. पिवळा. बाबा?”

टक, हे ठोकायचे.

“बाबा, ऐकताय का?”

टक. टक. टक. शेवटी ह्यांनी काठी जमिनीवर इतक्या जोराने आपटली की खालचं रबर निघून आलं.

मी फोनवर सांगितलं, अरे, ठोकत आहेत रे ते, माझ्या डोळ्यांसमोर ठोकत आहेत. पहिली ओळ लावली, मुकी. दुसरी लावली, नुसता भोंगा. पुन्हा ती रिकामी लावली.

रुचिर हळू आवाजात म्हणाला, “आई, आता नाही जमत त्यांना. लक्ष राहत नाही. त्यांना थकवू नको. आणि मलाही हे बघवत नाही.”

“प्रोग्रॅम बिघडलाय रुचिर, बाबा नाही.”

“बरं. तू ते ठीक करून ठेव, मग सांग.”

मी ठीक करून ठेवायचं! हे स्पीकरवर सगळं ऐकत होते. कळतं सगळं, हे मी आधी सांगितलंच. त्यांनी डाव्या हाताने कंप्युटरचा पडदा पलीकडे वळवला आणि भिंतीकडे बघत बसले.

६

म्हणून मी रोज दुपारी बसायला लागले. हे ठीक झालं नाही तर ते रविवार गेले, आणि रविवार गेले की ह्यांच्याजवळ भिंतच उरणार, हे मला दिसत होतं. काळ्या खिडकीत काय काय लिहून पाहिलं. मग हेडफोन घालून तपासायची, की शिट्टी अजून पुढे पळते आहे का.

पळत होती. रोज जरा जास्त पळत होती.

एका दुपारी, सगळी गल्ली झोपलेली असताना, कानात कचरागाडीचं गाणं आलं. ती सकाळी येते. पाठोपाठ काहीतरी पितळेचं धाडकन पडलं आणि सुलू वन्संचा आवाज आला. “हाय राम! अगं, पोछा किती ओला लावतेस! कंबर मोडली असती माझी.” मग थोडी मोकळी जागा गेली. मग वन्सं म्हणाल्या, “राहू दे राहू दे, तू बस. विनू, हसू नकोस रे.”

टक, टक. म्हणजे मी हसत नाही.

वन्सं तेव्हा फ्रीगंजला आपल्या घरी होत्या. मी फोन करून खात्री केली. मागचं कधीचं तरी कंप्युटरने भरून ठेवलं असेल आणि आता वाजवत असेल, असं मी ठरवलं. वन्सं मागे कधी घसरल्या होत्या का, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं भुट्ट्याचा कीस घेऊन आल्या. गल्लीत कचरागाडीचं गाणं लागलं. दारात पाय सरकून त्या तुळशीपाशी ठेवलेल्या कळशीवर आदळल्या.

“हाय राम! अगं, पोछा किती ओला लावतेस! कंबर मोडली असती माझी.”

“लागलं का वन्सं? थांबा, मी आले,” मी म्हटलं. कालच्या त्या मोकळ्या जागेत माझं हे वाक्य अगदी मापाने बसलं होतं.

“राहू दे राहू दे, तू बस. विनू, हसू नकोस रे.”

ह्यांनी दोनदा काठी ठोकली.

मी वन्संना हेडफोन घालून दिला. त्यांनी बटवा मांडीवर ठेवून डोळे मिटून ऐकलं.

“काय ऐकू येतं?”

“पंखा. विनूची काठी.” त्यांनी हेडफोन काढला. “घर आहे आपलं, दुसरं काय? दिवसभर ह्या डब्ब्यापाशी बसतेस, कान खराब करून घेशील. लेकाला सांग, मशीन नको, तू ये. दोन दिवाळ्या झाल्या त्याला. काय चांदीची खुर्ची दिली आहे का ऑफिसात?”

“काम असतं वन्सं.”

“काम असतं,” त्या म्हणाल्या. “मरण असलं की कशी सुट्टी मिळते सगळ्यांना.”

७

श्रावण लागला. देवाच्या पालखीच्या सवाऱ्या निघतात त्या दिवसांत आमच्याकडेही रिक्षा मिळत नाहीत इतकी गावात गर्दी. मी बाहेर पडत नव्हते. दुपार झाली की हेडफोन.

त्या दिवशी आधी नुसताच पंखा होता. मग फाटक वाजलं. चाकांची बॅग फरशीवरून घरंगळत आली. आणि कोणीतरी बाहेरच्या खोलीत उभं राहून नाक ओढलं.

लहानपणापासून त्याला सर्दी. ते नाक मी कुठेही ओळखेन.

“हो, पोचलो,” रुचिर म्हणाला. फोनवरून येतो तसा आवाज नव्हता. घरातला होता, भिंतींना लागून येणारा. “हो. दहावा रामघाटावरच. गुरुजी म्हणाले सकाळी लवकर या, नंतर गर्दी होते. नाही, मी थांबतोय. पंधरा दिवस तरी थांबतोय.”

मी हेडफोन टेबलावर ठेवला. आत जाऊन ह्यांच्याकडे पाहिलं. झोपले होते. छाती वर-खाली होत होती. मी त्यांच्या नाकाशी हात धरला. त्यांनी डोळे उघडले आणि ‘काय?’ अशा नजरेने पाहिलं.

“काही नाही. माशी होती.”

संध्याकाळी मी रुचिरला फोन केला. “तू ये,” म्हटलं.

“काय झालं?”

“काही झालं नाही. बाबांना भेटून जा. ह्याच आठवड्यात.”

“अगं, ऑफिसात रिलीज आहे. आत्ता सुट्टी कोण देईल? दिवाळीला नक्की.”

“कारण असलं तर देतात ना?”

“कारण आहे का काही?”

काय सांगणार? हेडफोनात तू आला होतास? मी म्हटलं, “नाही. तसं नाही.”

दुसऱ्या दिवशी ह्यांना डॉक्टरकडे नेलं. दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. ह्यांना वॉर्डबॉयने खुर्चीवर बसवून वर चढवलं, मी मागून पिशव्या घेऊन. डॉक्टरांनी सगळं पाहिलं. “भाभीजी, अंकल तो एकदम बढिया हैं. बीपी मुझसे अच्छा है इनका. आपकी साँस क्यों फूल रही है?”

“सीढी चढके आई हूँ ना.”

“आप भी दिखा लो कभी.”

“मेरा क्या है,” मी म्हटलं आणि ह्यांची चप्पल नीट केली.

८

त्यानंतर मी एकच गोष्ट ऐकायला बसायची. काठी. रुचिर घरात वावरायचा, फोन करायचा, नळ सोडायचा, वन्संशी दबक्या आवाजात बोलायचा. काठी ऐकू येत नव्हती. मी देवाला काहीबाही बोलले. ह्यांच्या आवडीचं सगळं रोज करत राहिले. हे माझ्याकडे संशयाने बघायचे.

आणि मग एका दुपारी, ऐकता ऐकता, टक.

मग ह्यांचा खोकला. तो कोरडा, डावीकडून येणारा खोकला. मग पुन्हा टक. मी तोंडावर पदर धरून रडले. हे होते. खुर्चीत बसले होते. रुचिर त्यांच्या जवळ होता. त्याने विचारलं, “बाबा, चहा घेणार?” टक. किती साधी गोष्ट. चहा घेणार, टक. ह्याच्यासाठी मी केवढा जीव आटवला होता.

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. भांडं ठेवल्याचा आवाज. लायटर. मग डब्यांची झाकणं. एक उघडलं, बंद केलं. दुसरं. तिसरं.

“बाबा, चहाची पूड कुठे असते?”

मी कंप्युटरपुढे बसून, मोठ्याने, “फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे,” असं म्हणाले. सवयीने.

तिकडे झाकणं उघडत राहिली. शेजारच्या शेगडीवर कुकरची शिट्टी झाली. आणखी एक. आणखी एक. आमच्या घरात कधी इतक्या होऊ देत नाही मी.

“बाबा, कुठे ठेवते ती?”

हे काय सांगणार? एक ठोका नाही, दोन ठोके नाहीत.

मी स्वतःला समजावलं की ते फिल्टर आहे. माझा आवाज गाळला जातो, हे तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी तिथेच असेन, सांगत असेन, नुसती ऐकू येत नसेन. पण वन्संच्या वेळी माझ्या वाक्याची मोकळी जागा गेल्यावर वन्सं उत्तर देत होत्या. राहू दे, तू बस, म्हणाल्या होत्या. गाळलेल्या माणसालाही समोरून कोणी ना कोणी उत्तर देतं. इथे कोणी देत नव्हतं. रुचिर एकेक डबा उघडत होता आणि शिट्ट्या होत होत्या आणि बाहेरच्या खोलीत काठी गप्प होती. मग एक डबा जोराने ओट्यावर आदळला, आणि माझा मुलगा खाली फरशीवर बसला. बसल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा.

मी हेडफोन काढला नाही.

९

परवा रुचिरचा फोन आला. “आई, कॅबमेटचं नवीन अपडेट आलंय. तो माइकचा घोळ आणि ते फिल्टर, दोन्ही ठीक केलंय म्हणे. टाकून घे. बाबांना म्हणावं, मग रविवारी एकदा काढू गाडी. जमलं तर.”

“बरं,” मी म्हटलं.

पडद्यावर तो विचारत होता, आता टाकू की नंतर. मी ‘नंतर’ दाबलं. रविवारचा एक तास, तोही जमलं तर. आणि त्या रिकाम्या ओळीत रुचिर पंधरा दिवस घरी आहे. बापाला आंघोळ घालतो. पेपर वाचून दाखवतो. काल म्हणत होता, “बाबा, मी तेव्हा उगाच म्हणालो, तुम्हाला जमत नाही म्हणून.” टक, ह्यांनी ठोकलं. सुट्टी मिळते त्याला. विमान इंदूरला येतं.

आज सकाळी मी वाण्याकडून डब्यांवर लावायला पांढऱ्या चिकटपट्ट्या आणल्या. चहा. साखर. तूरडाळ. हळद. ह्यांच्या सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं. मोठं, सुटं लिहिलं, डोळ्यांत पाणी असलं तरी वाचता येईल असं. शेगडीच्या वर, भिंतीवर एक पट्टी लावली : बंद केल्यावर मोठ्याने सांगायचं. बाबा उत्तर देतात.

हे दारात काठीवर रेलून बघत होते. मी म्हटलं, “वय झालं माझं. विसरायला होतं.” त्यांनी दोनदा काठी ठोकली.

दुपारी हेडफोन घातला. पंखा. घड्याळ. पावलं स्वयंपाकघराकडे गेली. भांडं. लायटर.

“बाबा, चहाची पूड कुठे...”

मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं, प्रोग्रॅम बंद पडला. मग एक झाकण उघडल्याचा आवाज. एकच. पाणी उकळलं. कप ठेवले, दोन. आणि रुचिर, घसा खाकरून, लहानपणी उंबऱ्यात उभा राहून ओरडायचा तसा म्हणाला, “गॅस बंद.”

टक.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. चारचा चहा व्हायचा होता. हे उठून खुर्चीत बसल्याचं मी पाहिलं, काठी हाताशी होती. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, आल्याचा, त्यांना आवडतो तसा. कपांत गाळला. बटण फिरवलं.

“गॅस बंद,” मी म्हटलं. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

आणि ठोक्याची वाट बघत उभी राहिले.